व्हायरसनं खाल्लेले गाणे

२ मार्च २०२५, सकाळी

आजपासून डायरी. कॉम्प्युटरवाल्या मानसानं रोजची नोंद ठेवली पायजे, असं एका व्हिडिओत आयकलं. वही नववीच्या विज्ञानाची आहे, मागून कोरी. कोनी वाचू नये. वाचलीच तं मले येऊन सांगू नये.

माहिती: बादल धावजी. वय सतरा. दिग्रसपासून अकरा किलोमीटर आमचा तांडा. तांड्यात मोबाइल घरोघरी, पन कॉम्प्युटर एकच. तो आमच्या घरी आहे अन् मी चालवतो. दिग्रसच्या अनंतकाकाइचं शेत बा पायते, त्याइनं त्याइचा जुना बा-ले देला. बा म्हने, पोरगं घरीच बसून आहे, बसल्या बसल्या काई शिकंन.

शाळा मी नववीत सोडली. शाळेचा स्पीड मले पुरत नव्हता. उभं राहून धडा वाचाले लावत अन् माह्या बोलीवर पोट्टे हासत, हे कारन नाई.

५ मार्च

होळी आली. तांड्यातल्या बबलूनं त्याच्या ट्रॅक्टरचा पेन ड्राइव्ह आनून देला, होळीच्या लेंगीचे गाणे भराले. सकाळपासून सात जन येऊन गेले. मले हे काम बेस वाटते. कोनासंग बोला लागत नाई. ते पेन ड्राइव्ह देतात, मी मान हालवतो, भरतो, ते नेतात.

सगळ्याइचे पेन ड्राइव्ह एकामागून एक लावले. वेळ वाचला.

बबलू जाता जाता म्हने, काबे डॉक्टर, पेशंट लय झाले तुह्याकडं. नाव आवडलं.

७ मार्च

माह्या बहिनीचं, राखीचं, लग्न पक्कं झालं. २८ एप्रिल. पाव्हने उमरखेडकडचे. राखी माह्याहून तीन वर्षानं मोठी. बारावी झालेली. माह्यासारखी नाई, कोनासंगही बोलते. एकदा कंडक्टरसंग भांडून बस फाट्यावर थांबवली होती तिनं. मी सीटखाली चप्पल पाहून राह्यलो होतो.

आमच्यात पोरगी सासरी निघते तवा ढावलो म्हनते, निरोपाचं गाणं. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत. मायसाठी एक, बापासाठी एक, भावासाठी येगळा. पाठ असा लागते. तांड्यात नऊच्या नऊ ढावलो फक्त रुपीकाकीले येत. बाकीच्या बाया मधून सूर धरतात, बस. राखीनं मांगच्या साली दिवाळीच्या आधी काकीले बसवून सगळे मोबाइलमधी रेकॉर्ड केले. मंग काकीले लकवा झाला. तोंड वाकडं झालं, बोलनं गेलं. मंग राखीचा मोबाइल टाकीत पडला.

पन रेकॉर्डिंग मी त्याच्या आधीच कॉम्प्युटरमधी घेऊन ठेवलं होतं. म्हनजे आता पूर्ण तांड्याचा ढावलो माह्या ताब्यात आहे. राखीचे तीन पाठ झाले, सहा राह्यले. तिनं आज सगळ्यासमोर म्हनलं, माहं काई टेन्शन नाई, भियाजवळ आहे सगळं.

हे लिहून ठेवून राह्यलो, कारन असं माह्याबद्दल पयल्यांदा कोनी बोललं.

९ मार्च

नवीन गोष्ट. पेन ड्राइव्ह लावला की फोल्डरच्या कोपऱ्यात लहानसा बान दिसते. वाकडा, वर गेलेला. आधी नव्हता. देखना आहे.

अजून एक. बबलूच्या गाण्याचं फोल्डर आधी चार जीबी होतं, आता एक केबी दाखवते. कॉम्प्युटरनं जागा वाचवली. माह्या हातात आल्यापासून मशीन सुधरून राह्यली.

११ मार्च

मशीन सुधरली नव्हती.

कालपासून चालू व्हाले चहा पिऊन होते इतका टाइम लागते. माऊस हालवला की मंग बान हालते. मधातच जाहिरात येते, एक गोरी बाई इंग्रजीत काईतरी मांगते. आज याडी, म्हनजे माय, खोलीत आली अन् नेमकी तवाच ती बाई आली. याडीनं सांजलोक माह्यासंग बोलनं सोडलं.

मोबाइलवर पायलं. याले शॉर्टकट व्हायरस म्हनतात. पेन ड्राइव्हवरून येते, पेन ड्राइव्हवरून जाते. बान येनं हीच त्याची निशानी. व्हिडिओ अर्धा पायला, तिकून नेट गेलं. पन अर्ध्यात समजलं मले.

रोग कळला म्हनजे अर्धा बरा झाला. आता रुपीकाकीचे रेकॉर्डिंग वाचवाचे. तीन पर्याय होते:
(१) कॉपी करनं. पन मंग कॉम्प्युटरमधी एक राहीन, ते व्हायरस खाईन.
(२) दिग्रसले अभिषेकच्या दुकानात नेनं. अभिषेक म्हनजे अनंतकाकाइचा पोरगा, बसस्टँडसमोर कॉम्प्युटर रिपेरिंग करते. पन तिथी काऊंटरवर नेहमी पाच-सहा जन उभे असतात अन् तो सगळ्यासमोर इचारते, काय पाहिजे.
(३) कट करून राखीच्या लाल पेन ड्राइव्हमधी टाकनं. कॉम्प्युटरमधी काईच राहनार नाई. खाईन काय मंग?

तिसरा केला. डोकं लावा लागते.

१२ मार्च

अँटीव्हायरस टाकला. शामच्या पेन ड्राइव्हमधी होता, फुकटचा. एकावर भरोसा नको म्हनून मोबाइलवरून अजून दोन उतरवले. तीन राखनदार म्हनजे घर पक्कं.

दुपारी: तिघं एकमेकाइले व्हायरस म्हनून राह्यले. पयल्यानं दुसऱ्याले पकडलं, दुसऱ्यानं तिसऱ्याले. खऱ्या व्हायरसकडं कोनाचंच लक्ष नाई. आमच्या ग्रामसभेसारखं.

सांजले: कॉम्प्युटर चालूच झाला नाई. मंग झाला. मी काई केलं नाई, तरी झाला. हात लागला असंन.

१४ मार्च, होळी

वाईट दिवस.

सकाळी तांड्याच्या मुखियाच्या, भावसिंग नायकाच्या अंगनात बबलूनं ट्रॅक्टर लावला, चार बॉक्स बांधले, पेन ड्राइव्ह लावला. टेपवर आलं, नो फाइल. दुसऱ्याचा लावला. नो फाइल. शामचा, भीमसिंगचा, सगळ्याइचे. नो फाइल. पूर्ण तांडा रंग घेऊन उभा, अन् गाणं नाई.

शेवटी म्हाताऱ्या मानसाइनं डफ काढला अन् तोंडानं लेंगी म्हनली. चांगली झाली म्हनतात. मी घरी होतो.

बबलू रंगलेला घरी आला. म्हने, काबे, तू डॉक्टर आहेस का कोरोना? जो पेन ड्राइव्ह तुह्याकडं आला तो मेला. याडी हासली. राखी नाई हासली. तिनं म्हनलं, त्याची काय चूक, मशीनच जुनी आहे.

मी तेच म्हननार होतो. तिनं आधी म्हनलं.

नंतर इचार केला. पयला व्हायरस बबलूच्याच पेन ड्राइव्हमधून आला असंन. तो पुसद, महागाव, कुठंकुठं फिरते. मी तं एका जागी बसून असतो. मी कसा पसरवीन?

१५ मार्च

नियम: (१) चेक केल्याबिगर कोनाचा पेन ड्राइव्ह लावाचा नाई. (२) पेन ड्राइव्ह परत मांगाले आले तं आपन होऊन सगळं सांगाचं. (३) रोज एका नव्या मानसासंग बोलाचं.

भीमसिंग आला. दाराच्या मांगं उभा राह्यलो. गेला.

नियम तीन उद्यापासून.

१८ मार्च

राखी म्हने, भिया, चवथा ढावलो लाव ना, भावाचाच आहे तो, तुह्याच गळ्यात पडून म्हनाचा आहे, आधी तुले आयकवते. लाल पेन ड्राइव्ह लावला.

फोल्डरवर बान. एक केबी.

राखी मांगं उभी. मी म्हनलं, स्कॅनिंग चालू आहे. ती म्हने, किती वेळ? मी म्हनलं, मोठं काम आहे. ती म्हने, करजो सावकाश, अन् भाकरी टाकाले गेली.

मी पेन ड्राइव्ह काढून रुमालात बांधला. 

२१ मार्च

दिग्रसले गेलतो. सकाळच्या बसनं. लाल पेन ड्राइव्ह खिशात, रुमालात बांधून. काय बोलाचं ते कागदावर लिहून नेलं: दादा, याच्यात शॉर्टकट व्हायरस आहे. फाइल पायजे. अर्जंट आहे. तीनच वाक्य. बसमधी पाठ केले.

दुकानात सहा जन. त्यात दोन पोरी, बहुतेक कॉलेजच्या. अभिषेक जोरजोरानं बोलून राह्यला होता. समोरच्या टपरीवर उभा राह्यलो, गर्दी कमी व्हाची वाट पायली. समोसा खाल्ला. गर्दी कमी झाली तं त्याचा जेवनाचा टाइम झाला, शटर अर्धं खाली. मानसाले जेवनावरून उठवू नये.

परत आलो. आजचा अनुभव वाया नाई गेला. दुकान कधी रिकामं असते त्याचा अभ्यास झाला.

२७ मार्च

दुसऱ्यांदा गेलो. दुकान एकदम रिकामं. फक्त अभिषेक.

रिकाम्या दुकानात एकट्यानं जानं जास्त अवघड असते, हे माहीत नव्हतं. तो सरळ आपल्याकडंच पायते. तीन वेळा समोरून गेलो. तवर अनंतकाका येऊन बसले.

समोसा नाई खाल्ला.

घरी आलो तं राखी रुपीकाकीजवळ बसलेली. काकीले म्हनून राह्यली होती, आठवन तं आहे ना काकी, नुसती चाल सांग. काकीच्या तोंडातून आवाज निघते, शब्द नाई निघत. लाळ गळते. मंग काकीनं चांगल्या हातानं मांडीवर ताल धरला. राखीनं ताल समजून घेतला. बोल कुठून आनंन?

मले पाहून काकीनं हात पुढं केला. राखी म्हने, काकी इचारते, गाणे झाले का नीट? मी म्हनलं, नव्वद टक्के.

२ एप्रिल

दुसऱ्या मानसावर भरोसा ठेवाचा कायले? आपल्याले येते ना.

व्हिडिओ मिळाला. तो भाऊ हिंदीत सांगते: पेन ड्राइव्ह में कैसा भी वायरस हो, फॉर्मॅट मारो, जड़ से खतम. माह्या डोक्यात चित्र साफ आहे. व्हायरस म्हनजे किडा. तो फाइलवर बसून आहे म्हनून ती एक केबी दिसते. किडा गेला की फाइल पुन्हा फुगंन.

राइट क्लिक. फॉर्मॅट. कॉम्प्युटरनं इंग्रजीत काईतरी बजावलं. सगळंच बजावते ते. ओके.

अकरा सेकंदात झालं. अन् अभिषेक यासाठी दुकान घालून बसला.

२ एप्रिल, दुपारी

पेन ड्राइव्ह एकदम साफ. व्हायरस नाई. बान नाई.

फोल्डर पन नाई.

फुगाले वेळ लागत असंन.

४ एप्रिल

फुगलं नाई.

राखीनं इचारलं. म्हनलं, शेवटचा टप्पा. ती म्हने, पेन ड्राइव्ह पाहू दे. रिकामा दिसला असता. म्हनून त्याच्यात डीजेचे सहाशे गाणे भरून टाकले. भरलेला दिसला म्हनजे जीवाले बरं वाटते, तिच्याही अन् माह्याही. नुसतं तात्पुरतं आहे. खरे आले की हे काढून टाकीन.

भरतानाच कोपऱ्यात बान आला. कॉम्प्युटरमधी व्हायरस होताच ना. त्याचं मी काई केलंच नव्हतं.

९ एप्रिल

तिसऱ्यांदा दिग्रस. टपरीवर उभा होतो. अभिषेक सोता दुकानातून बाहेर आला, रस्ता ओलांडून. म्हने, अरे, तू धावजीदादांचा ना? तिसऱ्यांदा येतोयस. समोशाला येतोस की माझ्याकडे? ये आत, खात नाही मी.

हात धरून नेलं. पेन ड्राइव्ह मी काऊंटरवर ठेवला. कागद काढला. घामानं भिजला होता. त्यानंच घेऊन वाचला.

तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. उपयोगी पडंन.

म्हने, शॉर्टकट व्हायरस फाइल खात नाही रे. फक्त लपवतो. तुझ्या फाइल आतच होत्या, हिडन. एक कमांड मारायची, सगळ्या समोर. दोन मिनिटं. दहावीतली पोरं करतात माझ्याकडे.

मंग त्यानं लावून पायलं. म्हने, हे फॉर्मॅट कोणी केलं? मी खाली पायलं. म्हने, ठीक आहे, फॉर्मॅट केलं तरी बरंच परत येतं, सॉफ्टवेअर आहे. मले श्वास आला. मंग तो स्क्रीनकडं पाहून थांबला. म्हने, यावर हे डीजेचं काय भरलंस? सहाशे गाणी? अरे बाबा, जुन्याच्या अंगावर नवीन लिहिलं तू. आता नाही येणार.

मंग म्हने, ओरिजिनल असेल ना कॉम्प्युटरमध्ये?

कट केलं होतं, हे मी सांगतलं नाई. मान हालवली, हो म्हनून.

तो खुश झाला. म्हने, मग काय टेन्शन. पहिल्यांदा आलास तेव्हाच आत यायचं की. मी काय वाघ आहे?

१० एप्रिल

हिशोब केला. व्हायरसनं काई खाल्लं नाई. कट मी केलं. फॉर्मॅट मी केलं. सहाशे गाणे मी भरले. व्हायरसनं फक्त एक बान काढला.

पन व्हायरस आलाच नसता तं मी हे कायले केलं असतं? म्हनजे मूळ कारन व्हायरसच.

राखीले सांगतलं. म्हनलं, व्हायरसनं खाल्ले. नऊच्या नऊ. लय डेंजर प्रकारचा होता, दिग्रसचाही हारला.

ती चुलीपाशी बसली होती. लाकूड आत सरकवलं. मंग म्हने, तू तं लय मेहनत घेतली भिया, तीन-तीन खेपा केल्या.

याच्यापेक्षा तिनं मारलं असतं तं चाललं असतं.

१६ एप्रिल

भागीरथा आली, नायकाची बायको. राखीले म्हने, काय वं, ढावलो पाठ झाले का? राखी म्हने, तीनच. व्हायरसनं खाल्ले. भागीरथा म्हने, हा कोन व्हायरस? कोनाचा पोरगा? याडी हासली. मंग भागीरथा म्हने, आमच्या जमान्यात काकीच्या मांडीपाशी बसून शिकत होतो, डब्ब्यात नव्हतो भरत. पाव्हने काय म्हनतीन, तांड्याची पोरगी मुकी निघाली?

राखी म्हने, म्हनतीन ते आयकून घेईन.

मी बाजूच्या खोलीत होतो. दाराची कडी धरून. बाहेर जाऊन सांगाचं होतं. एकच वाक्य होतं यावेळी.

२० एप्रिल

पक्का ठराव. लग्नात, राखी निघाच्या वेळी, सगळ्यासमोर सांगीन: ढावलो व्हायरसनं नाई, मी मिटवले. राखीची काई चूक नाई. बाया असतीन, पाव्हने असतीन, नायक असंन. तवाच सांगनं बरोबर. एकदाच सांगा लागंन, घरोघरी जा लागनार नाई.

कागदावर नाई लिहिलं. तोंडपाठ आहे.

२४ एप्रिल

शेतात जाऊन चार वेळा जोरानं म्हनून पायलं. आवाज चांगला निघते माहा. बैलानं मान वर केली.

२७ एप्रिल

उद्या लग्न. तयारी पूर्ण. माही म्हनतो मी, मांडवाची नाई.

२९ एप्रिल

राखी गेली काल.

मायच्या गळ्यात पडली, पयला ढावलो म्हनला. बाया रडल्या. बा-चा म्हनला. बा-ले पयल्यांदा रडताना पायलं. रुपीकाकीले खाटेवर आनलं होतं, तिचा म्हनला. काकीनं तिच्या पाठीवर ताल धरला.

मंग माही पाळी आली.

ती माह्या गळ्यात पडली. तोंड उघडलं. काई नाई निघालं. बाया थांबल्या, सूर धराले तयार. राखीचा फक्त श्वास लागून राह्यला होता माह्या मानेले, गरम. बराच वेळ. मांगून पाव्हन्यातली एक बाई दुसरीले म्हने, शिकलेली आहे ना, भावाचं काई वाटत नाई तिले. दुसरी म्हने, किंवा भाऊच तसा असंन. भागीरथानं तोंड फिरवलं.

राखीनं आयकलं ते. माह्या गळ्यातले हात ढिले झाले. मान खाली घालून गाडीत बसली.

तवा बोलाचं होतं. नाई बोललो.

कारन लिहून ठेवतो. बबलूचा डीजे लय जोरात वाजून राह्यला होता. चार बॉक्स. माहा आवाज कोनालेच आयकू गेला नसता.

नाई. ढावलो सुरू होते तवा डीजे बंद करतात. बंद होता. पूर्ण तांडा चुपचाप उभा होता, अन् सगळे माह्याकडंच पाहून राह्यले होते.